तेरीज

आमच्या घरात हिशेब न कळणारा मी एकटा. बाबा नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर मुनीम होते. थोरली ताई कोळसा कंपनीच्या वित्त विभागातून कॉस्ट अकाउंटंट म्हणून निवृत्त झाली. दादाची धंतोलीत सीएची प्रॅक्टिस आहे. मला मात्र जमा कोणत्या हाताला आणि नावे कोणत्या, हे आजही थांबून आठवावं लागतं. बाबांच्या लाल चोपडीत डावीकडे जमा असायची, शाळेच्या पुस्तकात डावीकडे डेबिट. या दोघांच्या मध्ये माझं डोकं जे अडकलं ते अडकलंच. दादाच्या मते हे कारण नव्हे, सबब आहे.

माझी मुलगी यंदा कॉमर्समधून बारावी झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, "मला अकाउंटंट व्हायचंय. सही करते ती वाली." त्या रविवारी ताई आणि दादा दोघंही आमच्याकडे लक्ष्मीनगरला हजर. निमित्त तर्री-पोह्यांचं, काम पोरीला सल्ला देण्याचं. या दोघांनी मिळून सल्ला देणं म्हणजे काय असतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून पोहे जास्तीचेच आणले होते.

ताईनं पिशवीतून बाबांची एक जुनी खतावणी काढली. पेढी बंद झाली तेव्हा रद्दीत निघालेली, बाबांनी शेठजींकडून मागून घेतलेली. ती पोरीसमोर ठेवून म्हणाली, "आमचं बोलणं होईपर्यंत हिची तेरीज काढ." तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्सच, हे कळल्यावर पोरगी हसली आणि कागद, पेन, मोबाइल घेऊन सतरंजीवर बसली. इकडे सुरुवात झाली.

दादा : पहिली गोष्ट म्हणजे वेळ घालवायचा नाही. सीएच्या सप्टेंबरच्या फाउंडेशन परीक्षेसाठी १ मेच्या आत नाव नोंदवायला हवं होतं, ते गेलं. आता १ सप्टेंबरच्या आत नोंदवलं तर जानेवारीचा अटेम्प्ट मिळते. चार पेपर. प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. मग आठ महिने अभ्यास करून इंटर, सहा पेपर, दोन ग्रुप. दोन्ही ग्रुप निघाले की आर्टिकलशिप दोन वर्षं. त्यानंतर सहा महिने अभ्यासाला, मग फायनल. सगळं धड गेलं तर बाविसाव्या वर्षी पोरगी सीए.

ताई : सगळं धड गेलं तर. तुझं गेलं होतं का?

दादा : माझं सोड.

ताई : का सोडू? फायनलला पाच अटेम्प्ट लागले तुला. आई दर वेळेस टेकडीच्या गणपतीला जाऊन यायची. मी आकडे काढून आणलेत. जून २०२४ ची फाउंडेशन, निकाल १४.९६ टक्के. मे २०२४ ची इंटर, दोन्ही ग्रुप मिळून १८.४२. फायनल, दोन्ही ग्रुप, १९.८८. आता शंभर पोरं घे. फाउंडेशनला उरली पंधरा. इंटरला त्यातली तीन. फायनलला एक पण पूर्ण उरत नाही.

दादा : तू कॉस्ट अकाउंटंट आहेस का कीर्तनकार? हे टक्के अटेम्प्टचे आहेत, माणसांचे नाहीत. नापास झालेला तोच पोरगा पुढच्या वेळेस पुन्हा बसतो, पुन्हा मोजला जातो. माझ्या वेळी मे आणि नोव्हेंबर, वर्षात दोनच संधी. आता फाउंडेशन-इंटर वर्षातून तीनदा होते, २०२५ पासून फायनल पण तीनदा. तू एका अटेम्प्टच्या निकालावरून अख्ख्या जन्माचा गुणाकार करून राहिली.

ताई गप्प बसली. हा मुद्दा दादाचा होता आणि तिलाही तो पटला असावा, कारण तिनं लगेच पोह्यांवर शेव टाकून घेतली. वाद हरत असली की ती खाते.

ताई : बरं, माणसं मोज. पाच अटेम्प्ट म्हणजे तुझी अडीच वर्षं गेली की नाही? ती वर्षं पोरीची जातील तेव्हा तिच्या हातात काय असेल? बारावीचा दाखला. म्हणून म्हणते, आधी बी.कॉम. कर. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन द्यावीच लागत नाही, थेट इंटरला नोंदणी होते. वय एकवीस झालेलं असतं, चार गोष्टी कळायला लागलेल्या असतात. आणि सीए नाही झाली तरी बँक आहे, एमपीएससीची वित्त व लेखा सेवा आहे, आपल्या सिव्हिल लाइन्समधलं महालेखाकारांचं ऑफिस आहे. तिथं नोकरीत राहून खात्याची परीक्षा देत वर चढता येतं.

दादा : दोन दगडांवर पाय. आणि बी.कॉम. काय, सोबत होत राहते. मी नाही केलं?

ताई : तू केलं नाहीस, झालं. कॉलेजात तुझं तोंड कोणी पाहिलं होतं? आता सेमिस्टर आहे, इंटर्नल मार्क आहेत, हजेरी आहे. आर्टिकलशिप करताना दुसरा कोर्स करायचा तर सीए इन्स्टिट्यूटची परवानगी घ्यावी लागते, फॉर्म ११२ भरून. तूच भरून देतोस ना तुझ्या पोट्ट्यांचे?

दादा : भरून देतो. सकाळी कॉलेज, दहाला ऑफिस. आपल्याकडे कॉमर्सचे वर्ग सकाळीच का असतात, विचार केला कधी?

मला गंमत वाटली ती ही, की दोघांचं भांडण सीए व्हावं की होऊ नये यावर अजून आलंच नव्हतं. भांडण होतं बाविसाव्या वर्षी की पंचविसाव्या वर्षी, एवढंच. बाहेरच्याला तीन वर्षांचा फरक फार वाटणार नाही. पण दादाची उमेदीची वर्षं धंतोलीतल्या वाचनालयाच्या एका खुर्चीत गेली आणि ताई पहिल्या नोकरीला लागली तेव्हा वीस वर्षांची होती. दोघंही आपापल्या त्या वर्षांबद्दल बोलत होते. पोरगी फक्त निमित्ताला होती.

पोरीनं मान वर न करता विचारलं, "मोठेबाबा, आर्टिकलशिपमध्ये नेमकं काय करायचं असते?"

दादा खुलला. हा त्याचा आवडता विषय.

दादा : माझ्या वेळी तीन वर्षं. पहिलं वर्षभर टिका मारल्या बेटा. हिरव्या पेननं. व्हाउचर पाहायचं, वहीतली नोंद पाहायची, टिक. कळमन्याच्या बाजारात गोदामात उभं राहून पोती मोजली. गोंदियाला राइस मिलमध्ये धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा किती, आणि उरलेलं गेलं कुठं, हे विचारायला शिकलो. हिंगणघाटला जिनिंगमध्ये कापूस आणि सरकीचं तसंच. मार्च संपला की बँकेच्या शाखांचं ऑडिट, एप्रिलचं ऊन, खेड्यातली शाखा, पंखा बंद. दुसऱ्या वर्षी सरांनी पहिल्यांदा विचारलं, तुला काय वाटते? तोवर माझं मत कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी सीए झालो. परीक्षा पुढं चार वर्षांनी पास झालो, ते वेगळं.

ताई : आणि पगार?

दादा : स्टायपेंड. बसचं भाडं आणि चहा निघायचा. आता इन्स्टिट्यूटनं पुष्कळ वाढवला. माझ्याही आधी तर उलटंच होतं. शिकाऊ पोरगा सरांना पैसे द्यायचा. प्रीमियम म्हणत त्याला. म्हणजे ज्याचा बाप मोठा त्याचाच पोरगा हिशेबनीस.

मग त्यानं इतिहास काढला. हिंदुस्थानात कंपन्यांचे हिशेब तपासायला आधी विलायती संस्थांचे सभासदच प्रामुख्यानं असायचे. १९१८ मध्ये मुंबई सरकारनं जीडीए ही लेखा पदविका सुरू केली, त्यातही परीक्षेबरोबर उमेदवारी होतीच. ती मुंबई सरकारची; आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांतात. १९३२ च्या नियमांनी 'रजिस्टर्ड अकाउंटंट' आले. आणि स्वातंत्र्यानंतर, संविधान तयार होत होतं त्याच काळात, १९४९ चा चार्टर्ड अकाउंटंट कायदा झाला, १ जुलै १९४९ पासून इन्स्टिट्यूट उभी राहिली. "शंभर वर्षांत नावं बदलली, पेपर बदलले," दादा म्हणाला, "पण कोणाच्या तरी टेबलाजवळ बसल्याशिवाय हे काम येत नाही, ही गोष्ट बदलली नाही."

ताई : बदलली ना. तीनाची दोन वर्षं केली २०२३ मध्ये. तुझीच इन्स्टिट्यूट.

दादानं चष्मा काढला. हे त्याचं दुखणं आहे आणि ताईनं बरोबर तिथंच बोट ठेवलं.

दादा : ते मला पटलेलं नाही, खरं सांगतो. त्यांचं म्हणणं असं की आता दोन्ही ग्रुप पास झालेलाच पोरगा येतो, म्हणजे तयारीचा येतो. आधी एक ग्रुप काढून पण येत होते. रजाही कापल्या, वर्षाला बारा. म्हणजे दोन वर्षं पूर्ण काम, नंतर सहा महिने पूर्ण अभ्यास. कागदावर छान आहे. पण आमच्या धंद्यात एक वर्ष म्हणजे एक फेरी. मार्च एंड, बँक ऑडिट, सप्टेंबरची धावपळ, पुन्हा मार्च. पहिल्या फेरीत पोरगं फक्त पाहते. दुसऱ्या फेरीत करते. तिसऱ्या फेरीत चुका सापडायला लागतात. तिसरी फेरीच काढून टाकली.

ताई : आणि ज्यांच्या दोन फेऱ्या पण खऱ्या नसतात ते? माझ्या मैत्रिणीचा मुलगा. एका ऑफिसात नाव लावलेलं, महिन्याला सही करायला जायचा. बाकी दिवस क्लासमध्ये. डमी म्हणतात ना त्याला? पास झाला तो. आज त्याला साधा बँक रीकन्सिलिएशनचा फरक काढता येत नाही. मला फोन करते, मावशी हे कसं करू.

दादा : असे असतात.

ताई : असे असतात नाही, असे चालतात. आणि तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. दादानं ही तक्रार खोडून काढली नाही याची मला मनातल्या मनात नोंद घ्यावीशी वाटली. डाव्या हाताला की उजव्या, ते विचारू नका.

"आत्या," पोरगी म्हणाली, "मग तुझ्या कोर्सला हे नाही का?"

ताई : आहे ना, पण जरा सोयीचं आहे. पंधरा महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. त्यातले सहा महिने फायनलच्या आधी झाले पाहिजेत. परीक्षा जून आणि डिसेंबरला. पदवी असली की फाउंडेशन नाही, थेट इंटर. माझ्या वेळी आयसीडब्ल्यूए म्हणत, १९५९ च्या कायद्यातलं नाव. २०१२ पासून इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स, पोरं सीएमए म्हणतात. मी बी.कॉम. करून कारकून म्हणून लागले होते. कामावर जे करत होते त्यातच शिकणं झालं. लग्न, दोन पोरं, आणि रात्री अकरानंतर अभ्यास. जूनचा पेपर, घरात कूलर एकच, तो पोरांच्या खोलीत. चौतिसाव्या वर्षी पास झाले. तुझ्या मोठेबाबानं तेव्हा विचारलं होतं, याचा उपयोग काय.

दादा : उपयोग म्हणजे प्रॅक्टिसमध्ये काय उपयोग, असं विचारलं होतं.

ताई : सांगते ना. उमरेडची उघडी खाण पाहिली तू? कोळसा वर पडलेला नसतो. वर माती, मुरूम, दगड. ओव्हरबर्डन, आम्ही ओबी म्हणतो. एक टन कोळसा काढायला किती घनमीटर ओबी उचलावा लागते, त्यावर खाणीचं सगळं गणित. आता यंदा ओबी खूप उचलला, पण त्याच्याखालचा कोळसा निघणार पुढच्या वर्षी. मग डंपरचं डिझेल, बारूद, टायर हा सगळा खर्च कोणत्या वर्षाच्या कोळशावर टाकायचा? यंदाच्यावर टाकला तर यंदाचा टन महाग दिसते आणि मॅनेजर बिचारा फुकट बोलणी खाते. पुढं ढकलायचा तर किती? हे पुस्तकात आहे रे. पण मला समजलं खाणीच्या काठावर उभी राहिल्यावर. सर्व्हेवाला मोजमाप दाखवत होता आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या वहीतला ओबी आणि या खड्ड्यातला ओबी वेगळा आहे. तेव्हापासून मी खड्डा पाहिल्याशिवाय आकडा लिहिला नाही.

मी तिला हे इतक्या जोरात बोलताना पहिल्यांदा पाहिलं. ती पुढं म्हणाली की नागपूरला बसून कोणी कॉस्टिंगला कमी लेखत असेल तर त्यानं जरा खिडकी उघडावी. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथं, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं इथं, वर कोराडी आणि खापरखेड्याला वीज तयार होते, खाली बुटीबोरीला कारखाने. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १४८ आहे, ठरावीक उद्योगांना खर्चाच्या वह्या ठेवायला आणि त्यांचं ऑडिट करायला लावणारं. ती सही कॉस्ट अकाउंटंटचीच लागते.

दादा : लागते. पण आयकर कायद्यात 'अकाउंटंट' शब्दाचा अर्थ चार्टर्ड अकाउंटंट असाच आहे. १९८४ मध्ये टॅक्स ऑडिट कायद्यात आलं तेव्हापासून आमची पोळी त्यावर भाजली जाऊन राहिली, मी नाही म्हणत नाही. इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ, इथल्या दुकानदाराला ओबी नाही माहीत. त्याला सीए माहीत.

ताई : कायद्यानं दिलेलं कायदा काढून पण घेतो. जीएसटीचं ऑडिट आठव. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तुमच्याच सीए दिवशी. वार्षिक हिशेबाच्या त्या प्रमाणपत्रावर सीएची सही चालायची, कॉस्टवाल्याची पण चालायची. २०२१ च्या वित्त कायद्यानं गेलं ते. व्यापारी स्वतःच सही करते आता. कितीजणांनी त्या एका कामासाठी माणसं ठेवली होती, सांग बरं तिला.

दादा : मी पण ठेवला होता एक.

ताई : मग पोरीला सही कोणती मिळेल यावर कोर्स ठरवायचा, की कोणता खड्डा पाहायला तिला आवडेल यावर?

दादा : खड्डा म्हणाली तर सांगतो. आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण घे. सरकारी रोख्यांत पैसे गुंतवले म्हणून वहीत लिहिलेलं, दीडशे कोटींच्या आसपास, आणि रोखे हातातच आले नव्हते. २००२ मध्ये उघडकीला आलं. निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तिथं सगळा प्रश्न एवढाच होता की लिहिलेला रोखा दाखवा. हेच आम्ही आर्टिकलशिपमध्ये पोरांना शिकवतो. नोंद नको दाखवू, वस्तू दाखव.

ताई : आणि तक्रार कोणी केली होती त्यात?

दादा हसला. आपल्याच जाळ्यात आपण सापडलो हे त्याला कळलं.

दादा : सहकार खात्याच्या विशेष लेखापरीक्षकानं.

ताई : म्हणजे सरकारी ऑडिटर. मग तो रस्ता पण सांग तिला. जीडीसी अँड ए. सहकार व लेखा पदविका, आपल्या राज्याच्या सहकार खात्याची परीक्षा. आपल्याकडे गल्लीत पतसंस्था, बिल्डिंगची गृहनिर्माण सोसायटी. २०१३ पासून या संस्थांना ऑडिटर स्वतः नेमायचा असते, सरकारच्या पॅनेलवरून. ही परीक्षा आणि अनुभव असला की त्या पॅनेलवर जाता येते. कोणी जाहिरात करत नाही तिची, कारण क्लासवाल्यांना त्यात फार पैसा नाही.

क्लासचा विषय निघाला तसा मी पण तोंड उघडलं, कारण पैसा माझा जाणार होता. इन्स्टिट्यूटची नोंदणी फी मला दादानं आधीच सांगितली होती : फाउंडेशनला सुमारे नऊ हजार, इंटरला अठरा, फायनलला बावीस. शेजारच्या मेडिकलवाल्या पोराच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी एका महिन्याचं सांगतोय. खरा खर्च क्लासचा आणि त्याहून खरा खर्च वर्षांचा. इन्स्टिट्यूट स्वतःचे ऑनलाइन वर्ग फुकट घेते, हे मला त्याच दिवशी कळलं. धंतोलीतल्या भिंतींवर क्लासवाल्यांच्या टॉपरांचे एवढे मोठे चेहरे असतात की ही माहिती लावायला जागाच उरत नसावी.

पोरगी म्हणाली, "मला आर्टिकलशिपला पुण्याला जायचंय. मोठ्या फर्ममध्ये. माझ्या मैत्रिणीची ताई तिथंच आहे."

या एका वाक्यानं जे घडलं ते मी तासभर प्रयत्न करून घडवू शकलो नसतो. ताई आणि दादा एका बाजूला झाले. पण तेही दोन मिनिटंच.

दादा : पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये नाव मिळते, पैसा मिळते, इंग्रजी सुधारते. पण काम काय? एका बड्या कंपनीच्या ऑडिटमध्ये तुला सहा महिने फक्त स्थावर मालमत्तेचं रजिस्टर. सहा महिने कोणाचे तरी भाड्याचे करार. माझ्याकडे आलीस तर सकाळी रिटर्न, दुपारी आयकर ऑफिसात सुनावणी, संध्याकाळी किराणावाल्याचा स्टॉक. लहान ऑफिसातल्या पोराला अख्खा माणूस दिसते, त्याचं दुकान, त्याचं कर्ज, त्याच्या पोरीचं लग्न, सगळं ताळेबंदात. आणि नागपुरात राहून कोणी मोठं होत नाही असं नाही. २०१२-१३ मध्ये इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले ते जयदीप शहा नागपूरचेच.

ताई : हे बरोबर, पण तुझ्याकडे नको.

दादा : का?

ताई : काकाच्या ऑफिसात पुतणीला कोण रागावेल? बाबांनी तुला आपल्या पेढीवर नाही बसवलं. दुसऱ्या शेठकडे, आपल्या मित्राकडे पाठवलं होतं दोन दिवाळ्या, चोपडीपूजनाच्या आधीचं काम शिकायला. आठवते?

दादा : आठवते. कीर्द माझ्या हातून लिहून घेत नव्हते. वाळू टाकायला लावत शाईवर. महिनाभर फक्त वाळू.

ताई : महिन्यानं?

दादा : महिन्यानं म्हणाले, आता वाच. मग वाचून दाखवायचो, ते ऐकायचे, मध्येच थांबवायचे. या माणसाचं नाव तू दोन वेळा घेतलंस, का? एकाच दिवशी त्यानं दिले आणि नेले होते. बाबांच्या त्या मित्रानं मला ऑडिट शिकवलं, पण त्यांना तो शब्द माहीत नव्हता.

इथं मी माझं मत सांगून टाकतो, कारण पोरीचा बाप म्हणून कधीतरी ते सांगावं लागणारच आहे. पदवीच्या बाबतीत मला ताईचं पटतं. अठराव्या वर्षी हातात फक्त एका परीक्षेचं तिकीट असणं मला सोसणार नाही; तिला सोसेल, मला नाही. पण दादाच्या घाईत एक गोष्ट खरी आहे. जो उशिरा बसतो त्याला वाळू टाकायची लाज वाटते. पंचविशीत, हातात पदवी असताना, कोणाच्या टेबलाजवळ महिनाभर गप्प बसणं फार अवघड जातं. पुण्याचं मला ठरवता येत नाही. तिला एकटं राहायला शिकायचं असेल तर तो वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला फाउंडेशन नाही.

दादा : बरं, एक मधला रस्ता. बी.कॉम.ला नाव घाल, खऱ्या हजेरीनं. सोबत १ सप्टेंबरच्या आत फाउंडेशनची नोंदणी. जानेवारी नाही तर मे-जून. निघाली तर इंटर. नाही निघाली तर पदवीवर थेट इंटर. नऊ हजारांचा प्रश्न आहे.

ताई : मी तेच म्हणत होते.

दादा : तू हे अजिबात म्हणत नव्हती.

ताई : मी म्हणत होते पदवी. तू म्हणत होता फाउंडेशन. आता दोन्ही आहे. म्हणजे माझं अर्धं तूच म्हणालास.

दादा : आणि सीए का सीएमए?

ताई : ते इंटरपर्यंत लांबव. पुष्कळ अभ्यास सारखाच आहे. तोवर मी तिला एकदा उमरेडला नेते आणि तू कळमन्याला ने. कुठं तिचे जास्त प्रश्न निघतात ते पाहू.

दादा : छिंदवाडा रोडला पण नेतो. तिथं अकादमी आहे, १९५७ पासून देशभरातले आयकर अधिकारी शिकायला येतात. ज्यांच्यासमोर उभं राहायचं ते पण आपल्याच गावात घडतात, पाहून ठेवू दे तिला. आत नाही सोडणार, फाटकावरून.

"सत्तावीस," पोरगी मध्येच म्हणाली.

आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती इतका वेळ तिथं बसली आहे हे आम्ही विसरलो होतो. तिच्यासमोर चार कागद पसरलेले, मोबाइल बाजूला पालथा.

"जमा आणि नावे जुळून नाही राहिले. नावे बाजू सत्तावीस रुपयांनी जास्त येऊन राहिली. तीनदा केली बेरीज. आजोबांचंच चुकलं असेल."

"नवानं भाग जाते!" ताई आणि दादा एकाच वेळी ओरडले.

मी विचारलं, म्हणजे काय. दादा तोवर खुर्चीतून उठून सतरंजीवर उतरला होता, गुडघ्याचं दुखणं विसरून. ताई दुसऱ्या बाजूनं. दादानं मला मागं वळून न पाहता समजावलं : फरकाला नवानं नि:शेष भाग गेला की समजायचं दोन आकड्यांची जागा बदलली आहे. ४७ चे ७४ लिहिले. किंवा ५८ चे ८५. बेरीज नाही चुकत, उतरवताना हात चुकतो. "आणि चूक बाबांची नसेल," ताई म्हणाली, "त्यांनी तेरीज जुळल्याशिवाय वही मिटली नाही कधी. तूच उतरवताना उलटं लिहिलं असशील. चौदावं पान पाहा, तिथं तेलवाल्याच्या खात्यात त्यांचा चार आणि सात मला पण..."

"चौदावं नाही," दादा म्हणाला, "आधी मोठ्या बाक्या पाहायच्या असतात."

"आधी शेवटून पाहायचं असते. थकलेल्या हाताच्या चुका शेवटी होतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"मला त्यांनी उलटं सांगितलं होतं."

पोरीनं दोघांच्या मधून वही ओढून घेतली, मांडीवर ठेवली आणि बोट लावून पहिल्या पानापासून सुरुवात केली. "थांबा नं तुम्ही दोघं," ती म्हणाली, "मला शोधू द्या."